सोड्याची चूळ

ग्लासच्या आतल्या बाजूने उतरणाऱ्या थेंबाला तळाशी पोचायला अकरा सेकंद लागले. शेजारच्या थेंबाला नऊ. दोघांमध्ये करंगळीच्या पेराएवढं अंतर होतं, वाइन तीच, काच तीच, तरी एकाला उशीर झाला. थेंब का तयार होतात हे मला माहीत आहे. काचेवरच्या पातळ थरातला मद्यार्क आधी उडून जातो, मागे पाण्याचं प्रमाण वाढतं, त्याचा ताण खालची वाइन वर ओढून घेतो, आणि वर साठलेलं वजन पेलेनासं झालं की ओघळ सुटतो. या धंद्यात त्यांना अश्रू म्हणतात. माझ्या वहीत मी ओघळ लिहिते. सहा वर्षं रोज पाहूनही ते पाहताना मी थोडा वेळ कुठेच नसते. खोलीत नसते, खुर्चीवर नसते, नुसती त्या उतरण्यात असते.

आमचं गोदाम आसनगावच्या पुढे, नाशिक महामार्गाला लागून आहे. फ्रान्सहून आलेल्या बाटल्या आत चौदा अंशांवर आडव्या निजलेल्या असतात, आणि बाहेर मे महिन्याचं एक्केचाळीस अंशांचं ऊन पत्र्यावर उभं असतं. माल पुढे जाण्याआधी प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या उघडून तपासायच्या, हे माझं काम. मी रसायनशास्त्र शिकले. इथे लागले ती प्रयोगशाळेत, आम्ल आणि गंधक मोजायला. एकदा यंत्रांनी बरी ठरवलेली एक पेटी मी नुसती हुंगून बाजूला काढली. गोणपाटाखाली राहिलेल्या ओल्या पुठ्ठ्याचा वास होता, म्हणजे बुचं बिघडलेली होती. पुढच्या पेट्याही तशाच निघाल्या. तेव्हापासून मला चवीच्या खोलीत बसवलं. सकाळी दहाला, नाक ताजं असताना, पांढऱ्या कागदावर सहा ग्लास. तीन पांढऱ्या, तीन लाल. बाटल्यांवर कापडी पिशव्या, म्हणजे नाव वाचून मन आधीच ठरवणार नाही. केसांत फूल नाही, अंगाला पावडर नाही. पंधरा मिलिलिटरचा एक घोट तोंडात फिरवायचा, त्यातून हवा ओढायची, थांबायचं, आणि स्टीलच्या बादलीत थुंकायचं. गोदामातल्या माणसांनी त्या बादलीचं नाव पिकदाणी ठेवलं आहे.

त्या शुक्रवारी पहिल्या ग्लासात लवार नदीकाठची पांढरी होती. कापलेलं गवत, आणि कच्चं करवंद तोडल्यावर बोटांना लागतो तो चीक. दुसरीत फळ जवळजवळ नव्हतंच. थंड, सरळ, खारट दगड होता. मी सहा-सात वर्षांची असताना काळू नदीच्या पात्रातला एक गोटा चाटून पाहिला होता, कारण तो ओला असताना निळा दिसायचा आणि वाळला की राखाडी व्हायचा, आणि मला रंग कुठे जातो ते शोधायचं होतं. रंग सापडला नाही. चव मात्र तीस वर्षं जिभेच्या कडेला थांबून राहिली होती, आणि तिला नाव मिळालं ते दूरच्या देशातल्या एका चुनखडीच्या टेकडीमुळे. मी तिसरा ग्लास नाकाशी नेला आणि माझा हात थांबला. विझलेली मेणबत्ती. जळणारी नाही, फुंकर मारल्यानंतरचा तो एक क्षण, जेव्हा वातीतून करडा दोरा वर जातो आणि मेण अजून पातळ असतं. बर्गंडीच्या चांगल्या पांढऱ्यात असा वास कधी कधी असतो, गंधकाच्या संयुगांमुळे, आणि जाणकार तो गुण मानतात. बाकीच्या संवेदना मेंदूत आधी एका ठाण्यावर थांबतात, मग पुढे जातात. वास थांबत नाही. मी खुर्चीवर होते आणि मी आमच्या विहारात होते, पांढऱ्या साडीत, आईच्या डाव्या हाताला, आणि पंचशीलाची पाचवी ओळ सुरू होणार होती.

एकोणीस दिवसांपूर्वी आईचा फोन आला होता. तिच्या घशात गाठी निघाल्या होत्या. कल्याणच्या डॉक्टरने तीन महिने मोठ्याने बोलायचं नाही असं सांगितलं होतं. ती फोनवर कुजबुजल्यासारखी बोलत होती, आणि आईचा एवढा लहान आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बुद्धपुनवेला पंचशील तू म्हणवायचंस गो," ती म्हणाली. "बावीस वर्सं मी म्हणवते. आता माझी पोर म्हणवील, असं मी सांगून मोकळी झालेय." मी म्हणाले, "बघते." त्यानंतर तिने तीनदा विचारलं आणि मी तीनदा तेच म्हणाले. पौर्णिमा उद्यावर आली होती.

आमच्याकडे म्हणवणारी आधी ओळ म्हणते आणि मग सगळे तिच्या मागून म्हणतात. आईची ओळ भिंतीला लागून परत यायची, आणि परत येताना तिच्यात पन्नास माणसांचा आवाज असायचा. हिंसा नको, चोरी नको, वासना नको, खोटं नको. चारही ओळी मी लहानपणापासून जशा म्हणत आले तशाच म्हणायची, चौथीला जरा घाईने. पाचवी मादक पदार्थांची. ती आली की माझे ओठ मिटायचे. वर्षाला साधारण दहा पौर्णिमा, सहा वर्षं, म्हणजे साठ वेळा. गर्दीत कुणाला कळत नाही. पन्नासातून एक आवाज वजा केला तर कानाला फरक कळत नाही, हे मी हिशेब करून पाहिलं होतं. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. त्या पाचव्या ओळीला आईचाही आवाज खाली उतरायचा. ती ओळ भिंतीपर्यंत पोचायची नाही. मी नोंद केली होती, की शेवटच्या ओळीला तिचा दम पुरत नाही, घशाचं दुखणं तेव्हापासूनच असणार.

माझ्या आईला, गीताबाईला, गावात तिच्या नाकाने ओळखतात. विहाराच्या दारात ती उभी राहायची, येणाऱ्याला हात जोडायची, आणि जोडलेल्या हातांवरून तिचं नाक काम करायचं. आमच्या घरात कधी कुणी दारू प्यायलं नव्हतं. तिचा कडकपणा कुठल्या जखमेतून आलेला नव्हता. तो शिस्तीचा होता, सकाळी अंगण झाडण्यासारखा. शेजारचे बुधाजीकाका अधूनमधून घ्यायचे आणि वर पेरूचा पाला चघळून यायचे. "बुधाजीदादा, पेरूचं झाड बोडकं केलंस काय रे?" ती दारातच विचारायची. "पोट बिघाडलंय गो, पाला औषधी असते," काका जमिनीकडे बघत म्हणायचे. "पोट तुझं बरोबर पुनवेलाच कसं बिघडते? जा, उंबराखाली बस. तिथनं पण ऐकू येते." आणि ते खरंच उंबराखाली बसायचे, पाचही ओळी म्हणायचे, पाचवी सगळ्यांत मोठ्याने. मला तेव्हा हसू यायचं. नंतर यायचं थांबलं.

कारण मी तिला सांगितलं होतं, की कंपनीत द्राक्षाचा रस तपासते. "आमची दीप्ती रस तपासते," ती सगळ्यांना सांगायची. आणि मी त्या रसाभोवती माझं सगळं आयुष्य मोजून मांडलं होतं. गोदामापासून आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या अंगाला, तीस किलोमीटर. स्कूटरवर तासाभराची वाट. तरी मी आसनगावला खोली घेतली, आणि आईला सांगितलं की कामाच्या वेळा धड नसतात. खरं कारण श्वास होतं. ग्लासांचं वजन आधी, पिकदाणीचं नंतर, मधली लाळ धरून मी फरक काढला होता. रोज चहाचा एक चमचा भरेल एवढी वाइन पोटात जाते, कितीही काळजीपूर्वक थुंकलं तरी. फुंकर मारून बघायच्या यंत्रावर दोन तासांत आकडा शून्यावर येतो. पण यंत्र म्हणजे आई नव्हे. म्हणून मी रविवारीच जायची, शेवटच्या घोटानंतर दोन दिवसांनी. पौर्णिमा मधल्या वारी आली तर आधीचे दोन दिवस ग्लासांना हात लावायची नाही. आणि निघण्याआधी खायच्या सोड्याच्या पाण्याने चूळ भरायची, तीनदा, कारण सोडा आम्ल मारतो आणि त्याला स्वतःला वास नसतो. तरीही घरी गेल्यावर मी तिच्यापासून हातभर लांब बसायची. ती भाकरी थापायची, मी उंबऱ्याशी. ती जवळ आली की मी पाणी आणायला उठायची. सहा वर्षांत ते हातभर अंतर इतकं नेहमीचं झालं होतं, की आमच्या दोघींच्या स्वभावातच ते आहे असं मला वाटू लागलं होतं.

मी लाल ग्लासांकडे वळले. चौथी बोर्दोची असणार. नुकतं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीचा भुसा, देवदाराची पेटी, आणि मग हिरड्यांना आवळून धरणारा तुरटपणा, रानातला हिरडा चघळल्यावर गालांच्या आत होतो तसा. तरुण असताना हा तुरटपणा माणसाला दूर लोटतो, वर्षं गेली की तोच मऊ होऊन आधार देतो. पाचवी रोन खोऱ्यातली, मिरी आणि उन्हात तापलेलं कातडं. वाइनची चव ओळखायची परीक्षा मी दिली तेव्हा उत्तरपत्रिकेत ब्लॅककरंट असं लिहिलं होतं, आणि पूर्ण गुण मिळाले होते. ते फळ मी आजतागायत खाल्लेलं नाही. कुपीत भरून आलेल्या वासावरून पाठ केलं. म्हणून मग मी दोन रकाने करायला लागले, डावीकडे परीक्षेचे शब्द, उजवीकडे माझे. जांभळाची साल. कुड्याचं फूल. मोहाची वाळत टाकलेली फुलं, तिसऱ्या दिवशीची. ही वही मागच्या महिन्यात हरेशच्या हातात पडली. हरेश गोदामाचा व्यवस्थापक, वाशिंदचा. त्याने उभ्या उभ्या अर्धी वही वाचली. "मॅडम, हे काय लिहून ठेवलंय तुम्ही! आपण विक्रीच्या यादीत असंच छापू. उजवीकडचा रकाना. खाली तुमचं नाव, गाव, सगळं." मी म्हणाले, बघते. आज सकाळीही त्याने दारातून डोकं आत घातलं होतं. "सोमवारी फाइल प्रेसला चाललीय. नाव टाकतो ना?" "बघते, हरेश." "तुमचं 'बघते' म्हणजे आमच्या आजीचं 'येते'. निघून अर्धा तास उंबऱ्यातच उभी असते." त्याला माहीत नव्हतं, की छापलेलं नाव वाऱ्यावर जातं. मुरबाडच्या बाजारात ते कुणाच्या तरी मोबाइलवर येणार, आणि तिथून आमच्या अंगणात. आणि एकदा नाव छापलं, की पाचवी ओळ म्हणवणारी मी आणि ते नाव यांतलं एकच खरं राहणार.

सहाव्या ग्लासातला रंग फिका होता, कडेला विटकरी झालेला. जुनी बर्गंडी. मी हुंगलं आणि डोळे मिटले. आधी काहीच आलं नाही, मग हळूहळू, खोलीत कुणीतरी न बोलता येऊन बसावं तसं, ते आलं. पाचोळा, सुकं शेण, त्यावर मातीचा पातळ थर, आणि खालून धुमसत गेलेली आग. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, शेण आणि पाला पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. उन्हाळ्यात आई तो पहाटे पेटवायची. मी सूर्य वर आल्यावर जायची तेव्हा आग गेलेली असायची आणि पाय ठेवला की राख पावडरीसारखी बोटांमधून वर यायची, कोमट. ती कोमट राख आत्ता माझ्या टाळ्याला होती. मी थुंकले आणि घड्याळ पाहिलं. घोट गेल्यावर चव किती टिकते ते आम्ही सेकंदांत मोजतो. वीस बरे, चाळीस उत्तम. साठ झाले, नव्वद झाले, चव होतीच. मी मोजायचं सोडून दिलं. असं मी पूर्वी कधी केलं नव्हतं. उजव्या रकान्यात एकच शब्द लिहिला, राब, आणि पेन बंद केलं.

दोन वाजता मी बेसिनपाशी उभी होते. सोड्याची बरणी उघडलेली, चमचा भरलेला. पौर्णिमा शनिवारी होती, म्हणजे नियमाप्रमाणे बुधवारनंतर मी ग्लासाला हात लावायला नको होता. मी गुरुवारी लावला होता, आजही लावला होता, आणि हे मी विसरून केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. आरशात माझी जीभ जांभळी होती. मी चमचा बरणीत उलटा केला, झाकण लावलं आणि स्कूटर काढली. शहापूर मागे पडलं. किन्हवलीच्या रस्त्याला ऊन इतकं पांढरं होतं की शेतांना कडाच नव्हत्या. भाजून झालेल्या राबांचे काळे चौकोन मात्र तेवढे स्पष्ट, कुणीतरी जमिनीवर ठेवून विसरलेल्या कापडांसारखे. सागाखाली दोघी-तिघी बाया पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसल्या होत्या. त्या मला दिसल्या आणि बराच वेळ दिसत राहिल्या, म्हणजे मी फार हळू चालवत असणार. तोंडात राख अजून कोमट होती. मधेच मला वाटलं की मी कुठे जात नाही आहे, ही चव मला नेते आहे, जिथून ती निघाली तिथे.

आई ओटीवर खिरीचे तांदूळ निवडत बसली होती. दोरीवर दोन पांढऱ्या साड्या वाळत होत्या, एक तिची, एक माझ्यासाठी. "शुक्कारची कशी गो आलीस?" तिचा आवाज सुपातून तांदूळ सरकल्याएवढा. "बुधाजीदादाची नात, भाविका, आताच येऊन गेली. उद्या तू म्हणवणार म्हणून तिच्या मैतरणी पण येणार हायेत. दहावीतल्या पोरी, पुनवेला कवा येतात काय?" मी चपला काढल्या, आणि उंबऱ्याशी न थांबता तिच्या शेजारी जाऊन बसले, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. तिचे हात तांदळात थांबले. ते थांबणं मला माहीत होतं. विहाराच्या दारात बुधाजीकाकांसमोर ती अशीच थांबायची. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"आज चूळ नाय भरलीस," ती म्हणाली.

"कसली?"

"सोड्याची."

अंगणात एक कोंबडी पाय उचलून तशीच उभी राहिली होती. मला वाटलं मीही तशीच बसले आहे. "सोड्याला वास नसतो, आये," मी म्हणाले. इतक्या सगळ्यातून माझ्या तोंडून हेच निघालं.

"सोड्याला नसेल. पण तुझ्या तोंडाला पण नसायचा. चहाचा नाय, कांद्याचा नाय, तुझा सोताचा पण नाय. माणूस जेवते, झोपते, त्याच्या तोंडाला त्याचा वास असते. तुझा मी तू पाळण्यात होतीस तवापासून ओळखते. तो पुसून यायचीस. बुधाजी पाला खाऊन येते, तू काहीच नाय खाऊन यायचीस."

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या वर्सापासून."

"आणि बोलली नाहीस."

"काय बोलू? बुधाजीला दारातनं परत लावते. तुला कुठं लावू?" तिने सूप खाली ठेवलं. "मना वाटलं पोर पितेय. एकटी खोलीवर ऱ्हाते, पितेय. पाचव्याला माझा आवाज उतरायचा तो काय घशानं नाय गो उतरायचा."

साठ वेळा. मी तिच्या डाव्या हाताला ओठ मिटून उभी होते आणि ती पुढे उभी राहून आवाज गिळत होती, आणि मी नोंद केली होती, दम पुरत नाही.

"मी पीत नाही," मी म्हणाले. "चाखते. फ्रान्सवरनं वाइन येते, द्राक्षांची, लाल आणि पांढरी. नासली आहे की चांगली आहे ते सांगते, आणि कशासारखी आहे ते लिहून ठेवते. मग थुंकते. रस म्हणाले ते खोटं."

 आई वाकली, माझ्या तोंडाजवळ, लहान मुलाला ताप आहे का बघताना वाकावं तशी, आणि तिने डोळे मिटले. मी श्वास सोडला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर पूर्ण सोडला. तिच्या नाकपुड्या हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या. ती शोधत होती. मी ओळखलं, कारण मीही असंच शोधते.

"राब," ती म्हणाली. "सकाळचा. इझून गेलेला."

मी पिशवीतून वही काढून तिच्या मांडीवर ठेवली, आजच्या पानावर. तिने बोट ठेवून उजव्या रकान्यातला शब्द वाचला. मग डावीकडचे शब्द पाहिले, ते तिला लागले नाहीत. मग पुन्हा उजवीकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि तिने ते लगेच आवरलं.

"सगळी थुंकतेस?"

हो म्हणता आलं असतं. "नाही. एक चमचाभर जाते. मी मोजलंय."

"चमचा म्हंजे गेलीच ना?"

"गेलीच."

"मग सोड," आई म्हणाली, रागाने नाही, तांदळात खडा दाखवावा तसं. "आज सोड. उद्या पाची ओळी म्हणव, तोंड उघडून. पोरी येणार हायेत. मी मागं बसते."

दोरीवरची साडी फुगली आणि निवली. ती मला होईल, नेसली तर मला शोभेलही, आणि माझा आवाज भिंतीपर्यंत जाईल, हे मला कळत होतं. तोंडातली राख आता अगदी थोडी उरली होती. तिच्या गुडघ्याची ऊब माझ्या गुडघ्याला लागत होती आणि मी तो मागे घेतला नाही.

"नाय सोडणार, आये," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला घरचा वाटला. "उद्या मी म्हणवणार नाय. भाविकाला पाची येतात, ती म्हणवील. मी मागं बसून चार म्हणीन, दारातनं परत लावलंस तर उंबराखाली बसून म्हणीन. हरेशला सांगते, माझं नाव छाप. आणि सोमवारपासनं काम सुटलं की रोज घरी येईन, चूळ न भरता."